रुपये-खुर्द्याची पण गणती व्हायला हवी

आमच्या ग्वाल्हेरच्या शाळांमधे सैनिकांच्या आठवणीचे कार्यक्रम भरपूर होतात आणि ते व्हायलाच हवेत. 26 जुलैला कारगिल, 7 डिसेंबरला सशस्त्र सेना झेंडा दिन, 16 डिसेंबरला विजय दिवस, शिवाय 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी, आणि आमच्या गावाचा म्हणून खास 18 जून, राणी लक्ष्मीबाईंचा बलिदान दिन. वर्षभर काही ना काही चालू असतं. माझी अडचण वेगळी आहे. या सगळ्यात मुलं बोलतात खूप, पण त्यांना काय वाटतं ते कोणी विचारत नाही.

मी अधूनमधून भाषण स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते आणि खरं सांगते, डोळे मिटून ऐकलं तर कोणत्या शाळेचं कोणतं मूल बोलतंय ते ओळखू येणार नाही इतकी भाषणं सारखी असतात. सुरुवातीला एक शेर, मग आवाज चढवायचा, मधे मूठ वळायची, शेवटी जय हिंद, आणि पालक मोबाइल वर करून शूट करत असतात. भाषण बाबांनी किंवा मॅडमनी लिहून दिलेलं असतं नाहीतर व्हॉट्सअॅपवर आलेलं असतं. त्यात ज्याच्याबद्दल बोलायचंय तो माणूसच नसतो हो. त्याचं गाव कोणतं, वय काय होतं, फौजेत तो नेमकं काय काम करायचा, त्या दिवशी काय घडलं, यातलं काहीच नाही. "वीर जवान" एवढंच. मुलाला मार्क मिळतात आवाजाचे आणि हावभावांचे, आणि मुलं हुशार असतात, त्यांना पटकन कळतं की आठवण काढणं म्हणजे जोरात बोलणं.

दत्ताजी शिंद्यांचंच बघा. "बचेंगे तो और भी लढेंगे" हे वाक्य मराठी घरातल्या कुठल्याही पोराला येतं, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरात तर ते जन्मापासून कानावर पडतं, शेवटी शिंद्यांचंच गाव आहे. पण कुठे म्हणाले, कधी म्हणाले, पुढे काय झालं असं विचारलं की दहातली नऊ मुलं गप्प. 10 जानेवारी 1760, यमुनेवरचा बुराडी घाट, आणि ते बुराडी आज दिल्लीतच आहे, जिथे आपले नातेवाईक राहतात, जिथे आपण लग्नाला जातो. हे कळलं की मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ना ते डायलॉग पाठ करून येत नाही. डायलॉग फेकायला सोपा आहे, पण थंडीत नदीच्या काठावर जखमी होऊन पडलेला माणूस डोळ्यासमोर आणायला वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ आपण मुलांना देत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी, 14 जानेवारी 1761 ला, पानिपत झालं. त्याची बातमी दक्षिणेत ज्या सांकेतिक शब्दांत गेली असं सांगतात ते शब्द आपल्या सगळ्यांना पाठ आहेत, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार, आणि खुर्दा म्हणजे बाकी सगळे. मला हे वाक्य लहानपणापासून फार लागतं. ज्या व्यापाऱ्याने लिहिलं त्याला दोष नाही, त्याला बातमी लपवून पोचवायची होती, पण अडीचशेहून जास्त वर्षं झाली तरी आपण आठवण काढायची रीत तीच ठेवलीय. मोत्यांची नावं, मोहरांची नावं आणि पुढे गणती नाही.

आणि गंमत अशी नाही, उलट मला ही गोष्ट फार मोठी वाटते की आमचं हे ग्वाल्हेर आज जसं आहे ते त्याच खुर्द्यातल्या एका माणसामुळे आहे. महादजी शिंदे पानिपतावरून पळताना पायाला जबर जखम होऊन पडले होते, जन्मभर लंगडत चालले, आणि त्यांना तिथून उचलून आणलं ते राणेखान नावाच्या भिश्त्याने, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्या माणसाने. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं, मोठं केलं, म्हणून नाव राहिलं. महादजी विसरले असते तर? तर राणेखानही त्या गणती नसलेल्यांतच गेला असता. नाव आपोआप टिकत नाही, कोणीतरी मनावर घेतलं तर टिकतं. आणि मला वाटतं की हे मनावर घेण्याचं काम शाळेतली मुलं फार चांगलं करू शकतात, मोठ्यांपेक्षा चांगलं, कारण त्यांना पदाचं आणि हुद्द्याचं अजून एवढं काही वाटत नसतं.

कारगिलचंच घ्या. ग्वाल्हेरकरांना मिराज लढाऊ विमानांचा अभिमान आहे आणि का नसावा, महाराजपुरा एअरबेस आपल्या गावात आहे, 24 जून 1999 ला टायगर हिलवर लेझर गायडेड बॉम्ब टाकले ते मिराजनेच, मिराजचा आवाज ऐकतच आमची मुलं मोठी होतात. पण त्याच्या महिनाभर आधी, 28 मे ला, तोलोलिंगच्या भागात हवाईदलाचं एक एमआय-17 हेलिकॉप्टर मिसाइल लागून पडलं आणि चौघे गेले. स्क्वॉड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट आर. के. साहू, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद. दोन अधिकारी आणि दोन सार्जंट. ही चार नावं सलग मी एकाही शाळेच्या कार्यक्रमात ऐकलेली नाहीत. कारगिलमधे सरकारी आकड्यानुसार 527 जण गेले आणि तेराशेहून जास्त जखमी झाले. मुलांना परमवीर चक्र मिळालेले चौघे माहीत असतात, ते तर माहीत असायलाच हवेत, पण मग बाकीच्यांचं काय, आणि जे जखमी होऊन घरी आले, हात नाही पाय नाही, त्यांच्याबद्दल तर भाषणात एक ओळ नसते कारण त्यांच्यावर टाळ्या घेता येत नाहीत.

आता मुलांच्या प्रश्नांबद्दल बोलते, कारण माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे. भाषण संपल्यावर, बक्षिसं वाटून झाल्यावर, समोसे खाताना मुलं जे विचारतात ते ऐका कधी. त्याला भीती वाटली असेल का? त्याच्या घरी कोणी जाऊन सांगितलं? त्याच्या बायकोला पगार मिळत राहतो का? हेलिकॉप्टर खाली आलं तेव्हा ते एकमेकांशी बोलत असतील का? एका सातवीतल्या मुलीने मला विचारलं होतं की आपण दर वर्षी त्यांचा दिवस करतो ते त्यांच्या घरच्यांना कळतं का. मला हा प्रश्न त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठा वाटला. पण असे प्रश्न स्टेजवर येत नाहीत कारण स्टेजवर प्रश्न विचारायची पद्धतच नाही, आणि खाली विचारले तर बहुतेक वेळा कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, अरे असलं काय विचारतोस, ते देशासाठी गेले. हे बरोबरच आहे, देशासाठीच गेले, पण मुलाच्या प्रश्नाचं ते उत्तर नाहीये. पगाराच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे की लढाईत गेलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला त्याच्या शेवटच्या पगाराएवढी पेन्शन मिळते आणि ते मुलाला सांगायला काय हरकत आहे? मुलाला त्यातून कळतं की मागे एक घर उरतं, त्या घराला महिन्याचा किराणा भरायचा असतो, फी भरायची असते. भीतीच्या प्रश्नाला एखादा रिटायर्ड फौजी पाच मिनिटांत इतकं खरं उत्तर देतो की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. आणि फौजी शोधायला लांब जायला नको, मुरारमधे छावणी आहे, भिंड-मुरैनाच्या गावागावांत घरटी कोणी ना कोणी फौजेत आहे, आमच्या वर्गांत ती मुलं बसतात, बाजूच्याच बाकावर.

काही लोक म्हणतात मुलं लहान आहेत, मरणाबद्दल, जखमांबद्दल बोललात तर घाबरतील, फौजेत जायची इच्छाच मरेल. मला हे पटत नाही. ज्या घरातला बाप सीमेवर आहे त्या घरातलं सहा वर्षांचं मूलसुद्धा हे सगळं जाणून असतं, त्याला कोणी विचारत नाही की तू लहान आहेस का. आणि ज्याला फौजेत जायचंय त्याने तर डोळे उघडे ठेवून जावं. दुसऱ्या बाजूचे लोक मला म्हणतात की शाळेत हे नकोच, यातून मुलांना युद्धाची गोडी लागते. त्यांना मी सांगते की गोडी लागते ती मूठ वळून केलेल्या भाषणाने, सार्जंट साहूंचं नाव शोधून काढणाऱ्या मुलाला युद्धाची गोडी लागत नाही, त्याला त्या माणसाबद्दल वाटायला लागतं. दोन्हीकडच्यांना मुलांवर भरवसा नाही असं मला वाटतं. मुलांना खरं सांगितलं तर ती ते पेलतात.

आणि इथे आमच्या गावाची एक जुनी अवघड गोष्ट येते जी मराठी घरांत फार कोणी मुलांशी बोलत नाही. 18 जूनला फूलबागेत राणीच्या समाधीवर सगळं गाव जातं, बलिदान मेळा भरतो, मुलं झाशीची राणी बनून येतात. पण कोणा मुलाने विचारलं की तेव्हा आपले महाराज कुठे होते, तर घरात शांतता. जून 1858 च्या 1 तारखेला मुरारजवळ जयाजीराव महाराज बंडवाल्यांच्या समोर उभे राहिले, त्यांचं बरंचसं सैन्य तिकडे जाऊन मिळालं आणि महाराज आग्र्याला इंग्रजांकडे गेले. दिवाण दिनकरराव राजवाडे, ते पण इंग्रजांच्या बाजूचे. आमच्यापैकी कितीतरी घरं शिंदेशाहीच्या चाकरीत इथे आलेली, म्हणजे त्या दिवशी कोणाचा पणजोबा कोणत्या बाजूला होता हे सांगता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना मराठी बोलणारे लोक होते. राणी पण मराठी, राजवाडे पण मराठी. मुलाने हे विचारलं तर त्याला गप्प करू नका प्लीज. त्याला सांगा की होय, असं होतं, महाराज चोवीसही पूर्ण नसलेला तरुण होता, राज्य जाईल ही भीती होती, आणि त्याच्याच सैनिकांनी वेगळा निर्णय घेतला. मग त्याला ठरवू दे की त्याला काय वाटतं. दहावीतलं मूल एवढा विचार नक्की करू शकतं आणि त्याने केलेला तो विचार माझ्या लेखी दहा भाषणांच्या वरचा आहे.

त्याच जूनमधल्या अजून दोन गोष्टी. राणी पडल्यावर बाबा गंगादासांच्या बडी शाळा नावाच्या मठातल्या साधूंनी तिचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून लढाई केली, परंपरेने 745 साधू कामी आले असं सांगतात. आणि सराफ्यात कडुनिंबाच्या झाडाला अमरचंद बांठियांना फाशी दिलं, ते शिंद्यांच्या खजिन्याचे कोषाध्यक्ष, त्यांनी खजिना उघडून बंडातल्या सैनिकांना पैसे दिले होते. आपण सराफ्यात जातो ते मंगळसूत्र बघायला. मुलांना घेऊन एकदा त्या झाडाच्या जागेपर्यंत चालत जा, महाराज बाड्याच्या चौकातून दहा मिनिटं पण लागत नाहीत. सैनिकाच्या मागे त्याला पगार देणारा, पाणी देणारा, त्याचा देह सांभाळणारा असे सगळे असतात हे मुलाला तिथे उभं राहून जेवढं कळेल तेवढं पुस्तकातून कळणार नाही.

पण मला सगळ्यात जास्त त्रास ज्याचा होतो ते 1843. त्या वर्षी 29 डिसेंबरला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, महाराजपूर आणि पनिहार, ग्वाल्हेरची फौज विरुद्ध कंपनीची फौज, आणि ग्वाल्हेर हरलं. आपल्या तोफा इंग्रजांनी नेल्या. त्या तोफांच्या धातूतून त्यांनी स्वतःच्या सैनिकांना द्यायला पदकं केली, आणि कलकत्त्यात हुगळीच्या काठावर त्यांच्या मेलेल्या लोकांसाठी एक स्मारक बांधलं ज्याला आजही ग्वाल्हेर मॉन्युमेंट म्हणतात, त्याचा घुमट ग्वाल्हेरच्या तोफांचा आहे. म्हणजे विचार करा. ग्वाल्हेरच्या नावाचं स्मारक, ग्वाल्हेरच्या तोफांचं, कलकत्त्यात, आणि त्यावर आठवण त्यांची जे ग्वाल्हेरशी लढताना मेले. त्यांनी स्वतःच्या लोकांची नोंद ठेवली, यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या बाजूला त्या दिवशी जे हजारोंनी पडले, तोफेला चिकटून लढले असं शत्रूच्याच अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलंय, त्यातलं एक नाव सांगू शकेल असं शाळकरी मूल मला आजपर्यंत ग्वाल्हेरमधे भेटलेलं नाही. मोठं माणूस पण नाही. खुर्दा, गणती नाही.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. 25 फेब्रुवारी 2019 ला ते सुरू झालं, त्यातल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरलीत, स्वातंत्र्यानंतर गेलेल्या सैनिकांची, एका विटेवर एक नाव, शिपाई असो की मेजर, वीट तेवढीच. आणि रोज संध्याकाळी तिथे एका सैनिकाच्या घरच्यांना बोलावून त्यांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. रोज एक. हिशोब केला तर सगळ्यांची पाळी यायला अडुसष्ट वर्षांहून जास्त लागतील, आणि तरीही मला ही पद्धत बरोबर वाटते कारण एका संध्याकाळी एकाच माणसाचा विचार करता येतो. आपल्या शाळांनी हेच उचलावं. सरकारचा वीर गाथा उपक्रम 2021 पासून आहे, मुलं शौर्यपदक मिळालेल्यांवर कविता, निबंध, चित्रं पाठवतात, चांगला आहे, माझ्या ओळखीच्या मुलांनी पण भाग घेतलाय, पण त्यात परत पदक मिळालेलेच येतात, आणि स्पर्धा आली की पालक लिहून देतात हे आपण सगळे जाणतो.

स्पर्धा काढून टाका. नंबर नको, सर्टिफिकेट नको. नववीच्या प्रत्येक मुलाला स्मारकाच्या वेबसाइटवरून एक नाव द्या, नावाने शोधता येतं तिथे, शक्यतो आपल्या चंबळ भागातलं, शक्यतो पदक न मिळालेलं. वर्षभर त्याने त्या एका माणसाबद्दल कळेल तेवढं शोधायचं, पलटण कोणती, ती तेव्हा कुठे होती, तिथे बर्फ असतं की वाळवंट. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून शाळेने पत्र देऊन विचारायचं की कुटुंबाची इच्छा असेल तर भेटता येईल का, आणि इच्छा नसेल तर विषय तिथेच सोडायचा, कारण घरच्यांच्या दुःखावर आपला प्रोजेक्ट नको. भेटायला गेलं तर फोटो काढायचा नाही, आधी पाणी प्यायचं, बसायचं, आजींना बोलू द्यायचं. मग मुलाने एक पान लिहायचं, स्वतःच्या भाषेत, मराठी हिंदी जी येत असेल ती, शुद्धलेखन तपासायचं नाही, आणि खाली आपले प्रश्न लिहायचे ज्यांची उत्तरं मिळाली नाहीत. ती पानं शाळेच्या लायब्ररीत ठेवायची, पुढच्या वर्षीच्या मुलाला तेच नाव मिळालं तर तो तिथून पुढे जाईल. काही पानं अर्धी कोरी राहतील, राहू देत.

प्रिन्सिपॉल लोक मला म्हणतात की मॅडम वेळ कुठे आहे, सिलॅबस आहे, प्री-बोर्ड आहे. पण भाषण स्पर्धेच्या तयारीला, डान्स बसवायला, पाहुण्यांसाठी स्टेज लावायला जे दिवस जातात ते मोजले तर वेळ निघतो. झेंडा दिनाला वर्गात तीन रंगांचे ते छोटे झेंडे येतात, लाल, गडद निळा आणि आकाशी, मुलं पैसे देतात, शर्टाला लावतात, संध्याकाळपर्यंत अर्धे झेंडे मैदानात पडलेले असतात. ते पैसे कशाला जातात, कोणाला जातात हे त्या दिवशी एक तास बसून सांगितलं तरी सुरुवात होते. 1949 पासून हे झेंडे चालू आहेत आणि पैसे सैनिकांच्या विधवांना, जखमींना, माजी सैनिकांच्या मुलांना जातात, हे किती मुलांना ठाऊक आहे? आपल्या वर्गात विचारून बघा.

आणि एक विनंती ग्वाल्हेरच्या जुन्या लश्कर भागातल्या मराठी घरांना, नया बाजार, दौलतगंज, शिंदे की छावणी, ज्यांच्या माळ्यावर अजून ट्रंका आहेत. त्यात मोडी कागद असतात, पगाराच्या याद्या, सनदा, कोणाच्या तरी आजोबांच्या आजोबांची पत्रं. कोणाला वाचता येत नाही म्हणून दर दिवाळीच्या साफसफाईत थोडे थोडे रद्दीत जातात. या वर्षी नका देऊ. मोडी वाचणारे अजून आहेत, शिकवणारे पण आहेत, आणि आठवी-नववीची मुलं ती लिपी आपल्यापेक्षा लवकर उचलतात. महाराजपूर-पनिहारच्या फौजेतलं एखादं नाव राहिलं असेल तर ते कुठल्या तरी अशाच ट्रंकेत असेल. आपल्या नातवंडांना बरोबर घेऊन ती उघडा.